फ्लॅटच्या दाराची किल्ली इतकी छोटी कशी झाली? जाणून घ्या लायनस येल यांच्याबद्दल

दाराची चपटी, छोटी किल्ली आपण रोज खिशात घालून फिरतो. तिच्यामागे अमेरिकेतल्या लायनस येल ज्युनिअर यांचं डोकं आहे.

येल यांचा जन्म १८२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यात झाला. वडील कुलपं बनवायचे. मुलाचा ओढा मात्र चित्रकलेकडे होता. सुरुवातीला ते व्यक्तिचित्रं काढत. पुढे तेही कुलपांच्या धंद्यात उतरले.

अडचण काय होती?
कुलपाची यंत्रणा दाराच्या आतल्या बाजूला असे. बाहेरून उघडायचं तर किल्ली दाराच्या जाडीपेक्षा लांब लागे. दार जितकं जाड, तितकी किल्ली लांब आणि जड.

येल यांनी काय केलं?
त्यांनी किल्ली जाते तो भाग वेगळा काढून छोट्या सिलिंडरमध्ये बसवला. आतल्या स्प्रिंगवरच्या पिना किल्लीच्या दात्यांमुळे नेमक्या उंचीवर आल्या, तरच तो फिरतो. पिनांची कल्पना प्राचीन इजिप्तच्या लाकडी कुलपांतही होती. येल यांनी तिला नवं रूप दिलं. त्यासाठी १८६१ आणि १८६५ मध्ये पेटंट मिळाली.

१८६८ मध्ये त्यांनी हेन्री टाउन यांच्यासोबत स्टॅमफर्डला कंपनी काढली. त्याच वर्षी २५ डिसेंबरला, अवघ्या ४७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. या कुलपाचं यश पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं.

तुमच्यासाठी महत्त्वाचं
किल्ली हरवली, तर अनेक कुलपांत फक्त सिलिंडर बदलून भागतं. नवा घेताना आधी दाराची जाडी मोजा. सिलिंडर बाहेर डोकावत राहिला, तर चोराला तो पकडून तोडणं सोपं जातं.