पंचांगामागचा शिक्षक : शंकर बाळकृष्ण दीक्षित

नवी मुंबईतल्या नेरुळच्या उंच इमारतींमध्ये सारसोळे हे जुने आगरी-कोळी गाव अजून टिकून आहे. पाम बीच रस्ता ओलांडला की सारसोळ्याची जेट्टी लागते आणि पुढे खाडी. इथे होडी कधी लोटायची हे घड्याळापेक्षा भरती ठरवते, आणि भरतीची वेळ तिथीवरून काढता येते. त्यासाठी कोकण किनाऱ्यावर एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. चंद्र आणि सूर्य यांच्यातले कोनीय अंतर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. म्हणजे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहणारा माणूस नकळत आकाशातला एक कोनच वाचत असतो.

पण ही तिथी मोजायची रीत कोठून आली? किती जुनी आहे? ती आजच्या आकाशाशी जुळते का? एकोणिसाव्या शतकात हे प्रश्न एका मराठी शाळामास्तरांनी इतके खोलवर तपासले की, भारतीय खगोलशास्त्राच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्यांचे काम वगळून पुढे जाता येत नाही. सारसोळे ज्या ठाणे जिल्ह्यात आहे, त्याच्या मुख्य गावीही त्यांनी काही काळ नोकरी केली होती. त्यांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित.

मुरुडचा विद्यार्थी

दीक्षित यांचा जन्म जुलै १८५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीजवळच्या मुरुड या समुद्रकाठच्या गावी झाला. सुरुवातीचे शिक्षण गावात झाले. पुढे ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षक होण्यासाठी दाखल झाले आणि मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण झाले. औपचारिक शिक्षण तेवढ्यावर थांबले. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले होते, पण दीक्षितांना त्याची पदवी नव्हती. त्यांचे सारे आयुष्य सरकारी शिक्षण खात्याच्या नोकरीत गेले. रेवदंडा, ठाणे, बार्शी, धुळे आणि शेवटी पुण्याचे ट्रेनिंग कॉलेज अशा बदल्या होत गेल्या. दिवसा वर्ग घ्यायचा आणि उरलेल्या वेळात गणित, जुन्या पोथ्या आणि रात्रीचे आकाश, असा त्यांचा क्रम होता.

मुलांसाठी आणि सामान्य वाचकांसाठी त्यांनी सोप्या मराठीत पुस्तके लिहिली. ‘सृष्टिचमत्कार’ हे त्यांपैकी एक. ‘ज्योतिर्विलास’ या पुस्तकात त्यांनी वाचकाला अंगणात उभे करून तारे, नक्षत्रे आणि ग्रह ओळखायला शिकवले. आकाश पोथीत वाचण्याआधी डोळ्यांनी पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. पुढे त्यांच्या संशोधनालाही याच सवयीचा उपयोग झाला.

पंचांग आणि आकाश यांतले अंतर

ठाण्याच्या नोकरीच्या काळात जनार्दन बाळाजी मोडक आणि विसाजी रघुनाथ लेले यांच्याशी त्यांचे विचार जुळले. या मंडळींना एक गोष्ट सलत होती. प्रचलित पंचांगे ज्या जुन्या ग्रंथांवर आधारलेली होती, त्यांतले वर्षमान ऋतूंच्या वर्षापेक्षा थोडे मोठे होते. सूर्यसिद्धांताचे वर्ष ऋतुवर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी मोठे आहे. एका वर्षात हा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. पण ६० वर्षांत तो एक पूर्ण दिवस होतो आणि दीड हजार वर्षांत साधारण २५ दिवस.

मकर संक्रांत हे याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण. सूर्य उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला, पण संक्रांत येते १४-१५ जानेवारीला. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा अतिशय संथ गतीने डुलतो. त्याचा एक फेरा सुमारे २६ हजार वर्षांत पुरा होतो. त्यामुळे दिवस-रात्र समान असताना सूर्य ज्या ताऱ्यांजवळ दिसतो ते ठिकाण सुमारे ७२ वर्षांत एक अंश सरकते. याला संपातचलन म्हणतात. दीक्षित, लेले आणि मोडक सायन पद्धतीच्या बाजूचे होते. सण ऋतूंना बांधलेले आहेत, तेव्हा पंचांगही ऋतूंशी जुळले पाहिजे, असे त्यांचे मत होते. १८८० च्या दशकात त्यांनी सायन पंचांगही चालवले.

पंचांगात हात घालणे म्हणजे घराघरातल्या व्रतांत आणि सणांत हात घालणे होते. विरोध होणार हे उघड होते. सायन पंचांग लोकांत फारसे रुजले नाही. पण या वादातून दीक्षितांपुढे मोठा प्रश्न उभा राहिला. आपली कालगणना मुळात कशी घडली, हेच कुणी नीट लिहून ठेवलेले नव्हते.

शिलालेखातला गुरुवार

याच सुमारास इतिहासकारांचाही एक प्रश्न अडला होता. गुप्त राजांच्या शिलालेखांत वर्षांचे आकडे आहेत, पण त्या संवताचे पहिले वर्ष कोणते, यावर एकमत नव्हते. कुणी तो इसवी सन ७७-७८ च्या सुमारास धरी, कुणी १६६ च्या, तर कुणी ३१९ च्या. म्हणजे गुप्तांचा सगळा काळ अडीचशे वर्षे मागेपुढे हलत होता. मुंबई इलाख्यातले अधिकारी आणि पुराभिलेखतज्ज्ञ जॉन फ्लीट या प्रश्नावर काम करत होते. गणितासाठी त्यांनी दीक्षितांची मदत घेतली.

किल्ली मिळाली मध्य प्रदेशातील सागर जिल्ह्यातल्या एरण येथील स्तंभावर. बुधगुप्ताच्या काळातल्या त्या लेखात गुप्त संवत १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि गुरुवार असा उल्लेख आहे. तिथी आणि वार यांची जोडी हीच इथे कसोटी ठरते. तिथी चंद्र-सूर्यावर चालते, वार सात दिवसांच्या चक्रावर. दोघांचा मेळ कोणत्याही वर्षी बसतोच असे नाही. अल्बेरुनीने गुप्त संवत शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाल्याचे नोंदवले होते. १६५ मध्ये २४१ मिळवले की शके ४०६ येते आणि त्यात ७८ मिळवले की इसवी सन ४८४. त्या वर्षीची आषाढ शुद्ध द्वादशी गणिताने २१ जून ४८४ या दिवशी येते, आणि तो दिवस गुरुवारच होता. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि गुप्त संवताचा आरंभ ३१९-२० हा आज शाळेच्या पुस्तकातही मानला जातो. त्यामागचे तिथी-वारांचे गणित दीक्षितांचे होते.

पुढे मद्रास इलाख्यातले रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर त्यांनी भारतीय कालगणनेवर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. तो १८९६ मध्ये लंडनहून निघाला. इसवी सन ३०० ते १९०० या १६०० वर्षांतल्या भारतीय तारखा इंग्रजी तारखांत बदलण्याची कोष्टके त्यात आहेत. भारतात दिसलेल्या ग्रहणांची कोष्टके व्हिएन्नाच्या रॉबर्ट श्राम यांनी त्याला जोडली. संगणक येण्यापूर्वी अनेक पिढ्यांच्या इतिहास संशोधकांनी ताम्रपट आणि शिलालेखांच्या तारखा या ग्रंथावरून लावल्या.

कृत्तिका पूर्वेला उगवत होत्या तेव्हा

दीक्षितांचे सर्वांत मोठे काम मात्र मराठीत आहे. दक्षिणा प्राइझ कमिटीने पंचांगाच्या इतिहासावरील ग्रंथासाठी बक्षीस जाहीर केले होते, त्यातून हे लेखन सुरू झाले. ते वाढत जाऊन १८९६ मध्ये पुण्यात ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ या नावाने छापले गेले. वेद आणि वेदांगांच्या काळापासून थेट लेखकाच्या समकालीन पंचांगकर्त्यांपर्यंतचा पट त्यात आहे. त्यासाठी त्यांनी डेक्कन कॉलेज आणि आनंदाश्रमातल्या हस्तलिखितांचा उपयोग केला, आणि गणित स्वतः करून पाहिल्याशिवाय कोणत्याही ग्रंथकाराबद्दल मत दिले नाही. आज प्रचलित असलेला सूर्यसिद्धांत आणि सहाव्या शतकातल्या वराहमिहिराला माहीत असलेला मूळ सूर्यसिद्धांत हे वेगळे आहेत, हे त्यांनी याच पद्धतीने दाखवले.

त्यांचा सर्वांत गाजलेला शोध शतपथ ब्राह्मणातल्या एका उल्लेखाचा. इतर नक्षत्रे पूर्व दिशेपासून ढळतात, कृत्तिका मात्र ढळत नाहीत, अशा अर्थाचे विधान तिथे आहे. तारा बरोबर पूर्वेला उगवतो म्हणजे तो खगोलीय विषुववृत्तावर असतो. आज कृत्तिका तिथे नाहीत. महाराष्ट्रातून पाहिल्यास त्या पूर्वेपासून सुमारे २५ अंश उत्तरेला उगवतात. मग त्या बरोबर पूर्वेला केव्हा उगवत होत्या? संपातचलनाचे गणित मागे नेल्यावर उत्तर मिळाले, इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे. १८९५ मध्ये हा शोध इंग्रजी नियतकालिकातही प्रसिद्ध झाला.

याच दशकात, १८९३ मध्ये, बॉन विद्यापीठाचे हर्मान याकोबी आणि पुण्यात लोकमान्य टिळक यांनीही वेगवेगळे काम करून नक्षत्रांवरून वेदकाळ ठरवण्याचा प्रयत्न केला होता. यांतल्या सगळ्या निष्कर्षांवर नंतर वाद झाले. कृत्तिकांचे ते विधान खरोखर काटेकोर निरीक्षण होते की ढोबळ दिशा, आणि ते ग्रंथ रचला गेला तेव्हाचे की त्याहून जुनी आठवण, याबद्दल विद्वानांत आजही मतभेद आहेत. गणित बरोबर असूनही ज्या वाक्यावर ते उभे आहे त्याचा अर्थ वेगळा निघू शकतो, ही या सगळ्या शाखेचीच मर्यादा आहे.

दीक्षितांना परंपरेचा अभिमान होता, पण त्यासाठी ते पुराव्याला मुरड घालत नसत. वेदांगज्योतिषात मेष, वृषभ या राशींची नावे नाहीत हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. भारतीय ज्योतिष सगळे ग्रीकांकडून आले असे म्हणणाऱ्या युरोपीय विद्वानांना त्यांनी विरोध केला, तोही आकडेवारी पुढे ठेवून.

एका शहरातल्या दोन वाटा

२२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाची छाया महाराष्ट्रावरून गेली. पुण्याच्या सायन्स कॉलेजातील वेधशाळेचे प्राध्यापक कावसजी नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे आधुनिक उपकरणांनी त्याचे वेध घेतले. त्या वेळी दीक्षित त्याच पुण्यात शिक्षकांना शिकवत होते. आकाशाच्या अभ्यासाच्या दोन वाटा एका शहरात होत्या, एक दुर्बिणीची आणि एक पोथीची. पहिल्या वाटेला कॉलेजची वेधशाळा मिळाली. दुसरी दीक्षितांनी नोकरी सांभाळून चालवली.

ग्रहणानंतर तीनच महिन्यांनी, एप्रिल १८९८ मध्ये दीक्षितांचे पुण्यात निधन झाले. वयाची ४५ वर्षेही पूर्ण झाली नव्हती. मोठा ग्रंथ छापून येऊन जेमतेम दोन वर्षे झाली होती.

मराठीत असल्याने तो ग्रंथ अनेक वर्षे बाहेरच्या वाचकांपासून दूर राहिला. १९५७ मध्ये त्याचा हिंदी अनुवाद निघाला. इंग्रजी अनुवाद दोन भागांत, १९६९ आणि १९८१ मध्ये, भारत सरकारच्या हवामान खात्याने प्रसिद्ध केला. दरम्यान मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली १९५२ मध्ये नेमलेल्या समितीने देशातली पंचांगे तपासली आणि २२ मार्च १९५७ पासून भारताची राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली. तिचे वर्ष ऋतूंना बांधलेले आहे. ज्या सायन तत्त्वासाठी दीक्षित आणि त्यांचे मित्र झगडले, ते सरकारी कालगणनेत त्यांच्या मृत्यूनंतर ५९ वर्षांनी आले.

आज संस्कृती आणि आकाश यांच्या नात्याचा अभ्यास ही विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत स्वतंत्र शाखा मानली जाते. जुनी मंदिरे, शिळांवरची चित्रे, ग्रहणांचे उल्लेख आणि नक्षत्रांच्या कथा संगणकावर आकाश मागे फिरवून तपासल्या जातात. दीक्षितांनी जे गणित कागदावर रात्र रात्र बसून केले, ते आता काही क्षणांत होते. पद्धत मात्र तीच आहे. जुने विधान घ्यायचे, आकाशाला विचारायचे आणि उत्तर मिळाल्यावर पुन्हा त्या विधानाचा अर्थ तपासायचा.

ही तपासणी कुणालाही सुरू करता येईल. नोव्हेंबरमधल्या संध्याकाळी अंधार पडल्यावर पूर्वेकडचे क्षितिज मोकळे दिसेल अशी जागा शोधावी आणि होकायंत्राने नेमकी पूर्व ठरवावी. कृत्तिकांचा लहानसा पुंजका तिच्या बराच डावीकडे, उत्तरेच्या अंगाला वर येतो. पूर्व दिशा आणि तो पुंजका यांच्यात दिसणारे अंतर पडायला सुमारे पाच हजार वर्षे लागली आहेत.