काळोखातही पाहणारा कॅमेरा

जानेवारी १९३०. हॉलंडमधील हेग शहरात पहिल्या महायुद्धाच्या नुकसानभरपाईवर वाटाघाटी सुरू होत्या. मध्यरात्र कधीच उलटून गेली होती. फ्रान्स आणि जर्मनीचे मंत्री आरामखुर्च्यांत रेलले होते. कुणाचे डोळे मिटले होते, कुणी हातावर डोके टेकवले होते. खोलीत उजेड होता तो फक्त घरगुती दिव्यांचा. त्या मंद उजेडात एका छायाचित्रकाराने हे दृश्य टिपले. मॅग्नेशियमचा भडका उडाला नाही, धूर झाला नाही आणि कुणाची तंद्रीही भंगली नाही. युरोपचे भवितव्य ठरविणारी माणसेही तुमच्याआमच्यासारखीच दमतात, हे वाचकांना प्रथमच डोळ्यांनी दिसले.

त्या छायाचित्रकाराचे नाव डॉ. एरिक सालोमन. आज अंधाऱ्या सभागृहात रंगलेल्या मैफलीचे छायाचित्र फ्लॅशशिवाय घेणारा प्रत्येक छायाचित्रकार, ठाऊक असो वा नसो, सालोमन यांनीच मळलेल्या वाटेने चालत असतो. मोठ्या छिद्राची लेन्स, स्थिर हात, आवाज न करणारा कॅमेरा आणि योग्य क्षणाची वाट पाहण्याचा संयम हे त्यांचे भांडवल होते. त्यातील पहिल्या गोष्टीची निवड त्यांनी विचारपूर्वक केली आणि त्या निवडीने वृत्तछायाचित्रणाची दिशाच बदलली.

श्रीमंतीतून भाड्याच्या मोटारीकडे

सालोमन यांचा जन्म २८ एप्रिल १८८६ रोजी बर्लिनमधील एका सधन ज्यू कुटुंबात झाला. वडील बँकर होते. एरिक यांना आधी प्राणिशास्त्राची ओढ लागली, मग ते अभियांत्रिकीकडे वळले आणि अखेर कायद्याची डॉक्टरेट मिळवून मोकळे झाले. १९१२ मध्ये मॅगी या डच तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पुढे त्यांना ओटो आणि डर्क असे दोन मुलगे झाले. जगण्यासाठी व्यवसाय करण्याची तोवर त्यांना गरजच पडली नव्हती.

१९१४ च्या युद्धाने हे चित्र पालटले. सैन्यात भरती झालेले सालोमन मार्नच्या लढाईत फ्रेंचांच्या हाती सापडले आणि युद्ध संपेपर्यंत कैदेत राहिले. तेथे त्यांनी दुभाष्याचे काम केले व फ्रेंच भाषा पक्की केली. ती पुढे त्यांना मंत्र्यांच्या दिवाणखान्यांपर्यंत घेऊन जाणार होती. सुटून आल्यावर मात्र घरची संपत्ती महागाईच्या वणव्यात भस्म होताना त्यांना पाहावी लागली. जर्मन मार्कची किंमत कागदाएवढीही उरली नव्हती. शेअर बाजार, पियानोचा कारखाना असे उद्योग त्यांनी करून पाहिले. शेवटी मोटारी व मोटारसायकली भाड्याने देण्याचा धंदा काढला आणि वृत्तपत्रात एक मजेदार जाहिरात दिली. कायद्याचा हा डॉक्टर गिऱ्हाइकाला गाडीतून फिरवता फिरवता कायद्याचा आणि पैशाचा सल्लाही देणार होता! धंदा फारसा चालला नाही, पण त्या जाहिरातीमुळे उलश्टाइन या बलाढ्य प्रकाशन संस्थेचे लक्ष त्यांच्याकडे गेले. १९२५ मध्ये तिच्या जाहिरात विभागात त्यांना नोकरी मिळाली.

या नोकरीतच कॅमेरा त्यांच्या हाती आला. उलश्टाइनच्या जाहिरातींसाठी खेड्यापाड्यांतील भिंती भाड्याने घेतल्या जात. त्यावरून जमीनमालकांशी तंटे होत आणि न्यायालयात पुरावा म्हणून भिंतींची छायाचित्रे लागत. सालोमन ती काढू लागले. चाळिशी गाठलेल्या या गृहस्थाला आपला मार्ग असा भिंतींच्या भांडणात सापडला.

निवड एका लेन्सची

त्या काळी सभागृहातील छायाचित्र म्हणजे मॅग्नेशियमच्या पुडीचा स्फोट. डोळे दिपवणारा लखलखाट, पाठोपाठ पांढऱ्या धुराचा लोट आणि छतावरून खाली उतरणारी राख. साहजिकच छायाचित्रकाराला बाहेर थांबवले जाई किंवा सर्वांना ओळीत उभे करून एकदाच छायाचित्र घेण्याची मुभा दिली जाई. मैफलीत तर या साधनाचा विचारही करवत नसे. बिनआवाजाचा व बिनधुराचा फ्लॅशबल्ब जर्मनीत आला तो १९२९ मध्ये. पण त्याचाही झगमगाट लपणारा नव्हता.

सालोमन यांच्या हाती लागलेले उत्तर वेगळेच होते. ड्रेस्डेन येथील एर्नेमान कंपनीने १९२४ मध्ये एर्मानॉक्स नावाचा छोटेखानी कॅमेरा बाजारात आणला होता. त्याच्या इवल्या पेटीपेक्षा त्याची लेन्सच मोठी दिसे. ही एर्नोस्टार लेन्स रचली होती लुडविग बेर्टेले या विशीतल्या तरुणाने. तिची क्षमता एफ/२ होती आणि थोड्याच काळात ती एफ/१.८ पर्यंत पोहोचली. डोळ्यांना जे दिसते ते या कॅमेऱ्याने टिपता येईल, अशी कंपनीची जाहिरात होती.

या आकड्यांचा अर्थ साधा आहे. लेन्सच्या नाभीय अंतराला तिच्या छिद्राच्या व्यासाने भागले की हा आकडा मिळतो. तो जितका लहान, तितका प्रकाश अधिक. हे प्रमाण वर्गाने बदलते. त्या वेळच्या चांगल्या समजल्या जाणाऱ्या एफ/४.५ लेन्सपेक्षा एफ/२ ची लेन्स सुमारे पाचपट प्रकाश आत घेते आणि एफ/१.८ ची सहापटीहून अधिक. ज्या दृश्याला एका लेन्सने तीन सेकंद लागतील, ते दुसरीने अर्ध्या सेकंदात काचेवर उमटेल. बोलणारा माणूस अर्धा सेकंद स्तब्ध राहू शकतो, तीन सेकंद नाही. सालोमन यांची सारी कला या फरकावर उभी होती.

मात्र प्रत्येक सोयीची किंमत मोजावी लागते. छिद्र मोठे केले की स्पष्टतेची पट्टी अरुंद होते. तीन मीटरवरच्या माणसाचे छायाचित्र पूर्ण उघड्या लेन्सने घेताना जेमतेम वीतभर जागाच रेखीव येत असे. चेहरा स्पष्ट, तर मागची खुर्ची धूसर. म्हणून अंतराचा अंदाज अचूक असावा लागे. शिवाय एर्मानॉक्समध्ये फिल्मची गुंडाळी नव्हती. साडेचार बाय सहा सेंटिमीटरच्या काचेच्या पट्ट्या एकेक करून घालाव्या लागत. एक क्षण हुकला की दुसरी पट्टी चढवेपर्यंत तो गेलेलाच असे. सालोमन अनेकदा कॅमेरा तिकाटण्यावर ठेवत, शटरचा आवाज कमी व्हावा म्हणून त्यांनी त्यात बदल करवून घेतला होता आणि बोलणारा श्वास घेण्यासाठी थांबला, हात हवेत क्षणभर स्थिरावला की ते कळ दाबत. वादकाच्या किंवा वाद्यवृंदाच्या संचालकाच्या हालचालीतही असे विराम असतात. ते ओळखणे हे त्यांचे खरे कसब.

न्यायालयापासून राष्ट्रसंघापर्यंत

१९२८ च्या फेब्रुवारीत बर्लिनमध्ये क्राँत्स या तरुण विद्यार्थ्यावरील खुनाच्या खटल्याने खळबळ उडवली होती. न्यायालयात छायाचित्रणाला मनाई होती. तरीही सालोमन यांनी आतील दृश्ये टिपली आणि ती बर्लिनर इलुस्ट्रिर्टे त्साइटुंग या लोकप्रिय सचित्र साप्ताहिकात झळकली. न्यायालयात कॅमेरा नेण्यासाठी त्यांनी हॅटला छिद्र पाडून तो आत बसवला होता. एकदा पहारेकऱ्याने पकडल्यावर कोऱ्या काचा त्याच्या हवाली करून खऱ्या काचा त्यांनी खिशातून सुखरूप बाहेर नेल्या, असेही सांगितले जाते. या यशानंतर त्यांनी नोकरी सोडली आणि ते स्वतंत्र वृत्तछायाचित्रकार झाले. तेव्हा त्यांचे वय होते ४१.

पुढची पाच वर्षे त्यांचीच होती. जिनिव्हातील राष्ट्रसंघाच्या बैठका, हेग व पॅरिस येथील परिषदा, दूतावासांतील मेजवान्या अशा सर्वत्र ते दिसू लागले. ऑगस्ट १९२८ मध्ये पॅरिसला युद्धत्यागाच्या केलॉग-ब्रियाँ करारावर स्वाक्षऱ्या होत असताना ते पोलंडच्या प्रतिनिधीच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसल्याची कथा प्रसिद्ध आहे. उत्तम शिवलेला संध्याकाळचा पोशाख, अनेक भाषांवर प्रभुत्व, नावापुढे डॉक्टर ही पदवी आणि वागण्यातली अदब यांमुळे द्वारपालांना ते पाहुण्यांपैकीच एक वाटत. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री आरिस्तीद ब्रियाँ त्यांना आगंतुकांचा राजा म्हणत. १९३१ च्या ऑगस्टमधील एका भोजनसमारंभात ब्रियाँ यांनी गर्दीतून त्यांना हेरले आणि हसत बोट दाखवले. सालोमन यांनी नेमका तोच क्षण टिपला. हे त्यांचे सर्वांत गाजलेले छायाचित्र ठरले.

अमेरिकेतही त्यांनी दौरे केले. १९३२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज चालू असताना छायाचित्र घेतले. त्यासाठी हात मोडल्याचा बहाणा करून कॅमेरा झोळीत दडवला होता. कधी पोखरलेल्या जाडजूड पुस्तकांतही त्यांनी कॅमेरा लपविला. या पद्धतीवर तेव्हाही आक्षेप घेतले गेले आणि ते सर्वस्वी गैर होते असे म्हणता येणार नाही. मनाई असताना न्यायालयाचे चित्र घेणे हा नियमभंग होताच. पण सालोमन यांच्या छायाचित्रांत कुणाची टिंगल नसे. पुढाऱ्याला खाली खेचण्यापेक्षा त्याला माणूस म्हणून समोर आणण्याकडे त्यांचा कल होता. म्हणूनच ज्यांची छायाचित्रे न विचारता घेतली, त्यांतील अनेकांनी पुढे स्वतःहून दार उघडले. लंडनच्या एका नियतकालिकाने या शैलीला दिलेले कॅन्डिड कॅमेरा हे नाव आजही रूढ आहे. १९३१ मध्ये त्यांच्या ११२ छायाचित्रांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. बेसावध क्षणी टिपलेले नामवंत समकालीन असा त्याच्या जर्मन शीर्षकाचा आशय होता.

मैफलीच्या प्रकाशात

१९३२ च्या सुमारास सालोमन लायका कॅमेऱ्याकडे वळले. लायका १९२५ मध्येच विक्रीस आला होता. तो खिशात मावे आणि एका गुंडाळीत ३६ छायाचित्रे निघत. तरीही त्यांनी इतकी वर्षे एर्मानॉक्सच्या काचा का बाळगल्या, याचे उत्तर पुन्हा लेन्सपाशीच येते. लायकाची सुरुवातीची लेन्स एफ/३.५ ची होती. एर्नोस्टार एफ/१.८ तिच्या जवळजवळ चौपट प्रकाश घेत असे. मंद उजेडात चपळ कॅमेऱ्यापेक्षा तेजस्वी लेन्स अधिक कामाची असते. लायकासाठीही मोठ्या छिद्राच्या, बदलता येणाऱ्या लेन्स मिळू लागल्यावर हा तिढा सुटला.

राजकारण्यांइतकेच त्यांचे मन संगीतकारांत रमे. मैफल ही त्यांच्या पद्धतीची कसोटी होती. सभागृहाचा प्रकाश बदलता येत नाही, वादकाला थांबवता येत नाही, शटरचा लहानसा खटका मंद स्वराच्या आड येतो आणि श्रोत्यांच्या एकाग्रतेला धक्का लावण्याचा हक्क कुणालाच नसतो. राजकीय परिषदेत सावधपणे वावरायला शिकलेला हा माणूस वाद्यवृंदासमोरही तितकाच अलिप्त राही आणि निर्देशकाच्या चेहऱ्यावरची तन्मयता टिपून घेई.

तोवर जर्मनीतील हवा पालटली होती. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू असलेल्या सालोमन यांना मायदेशात काम करणे अशक्य झाले. पत्नीच्या माहेरचा देश म्हणून ते कुटुंबासह हेगला स्थायिक झाले. तेथील संसद, राजघराणे आणि मैफली यांची छायाचित्रे ते काढू लागले. इंग्लंडमध्येही त्यांनी काम केले. अमेरिकेतील लाइफ साप्ताहिकाचे बोलावणे आले होते, पण निघणे लांबत गेले. मे १९४० मध्ये जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या आणि दार बंद झाले.

ज्याने आयुष्यभर कुणाच्या नजरेस न पडता काम केले, त्याला आता जिवासाठी लपावे लागले. १९४३ मध्ये सालोमन दांपत्य आणि धाकटा मुलगा डर्क भूमिगत झाले. घरातील गॅसचा वाढलेला वापर मीटर पाहणाऱ्याच्या लक्षात आला आणि त्यातून सुगावा लागला, असे सांगितले जाते. कुटुंबाला पकडून वेस्टरबोर्क, तेथून थेरेसिएनश्टाट आणि मे १९४४ मध्ये ऑशविट्झच्या छळछावणीत नेण्यात आले. उपलब्ध नोंदीनुसार ७ जुलै १९४४ रोजी सालोमन यांचा मृत्यू झाला. पत्नी आणि डर्कही वाचले नाहीत.

इंग्लंडमध्ये असलेला थोरला मुलगा ओटो बचावला. पीटर हंटर या नावाने तोही छायाचित्रकार झाला होता. युद्धानंतर त्याने वडिलांच्या उरलेल्या निगेटिव्ह गोळा केल्या आणि त्यांचे काम पुन्हा जगापुढे आणले. हा संग्रह पुढे बर्लिनमधील बर्लिनिशे गॅलरी या संग्रहालयाकडे गेला. जर्मन छायाचित्रण संस्था १९७१ पासून वृत्तछायाचित्रणासाठी सालोमन यांच्या नावाने पुरस्कार देते.

बेर्टेले यांची वाटचालही थांबली नाही. एर्नेमान कंपनी १९२६ मध्ये झाइस इकॉनमध्ये विलीन झाली. एर्नोस्टारच्या अनुभवावर बेर्टेले यांनी सोनार ही लेन्समालिका घडविली आणि १९३२ मध्ये काँटॅक्स कॅमेऱ्यासाठी एफ/१.५ ची सोनार आली. पुढच्या काळातील अनेक तेजस्वी लेन्स याच घराण्यातल्या. आज डिजिटल कॅमेऱ्याची संवेदनशीलता कितीतरी वाढली आहे. तरीही मैफलीला निघालेला छायाचित्रकार पिशवीत एफ/१.८ किंवा एफ/१.४ ची लेन्स टाकतो. काळोखात उजेड गोळा करण्याचे गणित बदललेले नाही. सभागृहात बसून, कुणालाही न दुखावता नेमक्या क्षणाची वाट पाहण्याचे काम मात्र लेन्स करीत नाही. ते आजही माणसालाच करावे लागते.