डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस

आमचें सोलापूर हें बाहेरून आलेल्यांचें गांव आहे. तेलंगणांतून विणकर आले, गिरण्या निघाल्यावर खेड्यापाड्यांतून मजूर आले. मराठी, कानडी, तेलगू व उर्दू या चारही भाषा येथील बाजारांत कानीं पडतात. अशा गांवचा एक पुत्र परमुलुखीं जाऊन तेथील लोकांचा कसा झाला, तें आम्ही आज सांगणार आहों.

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म ता. १० आक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत झाला. मुंबईस त्यांनीं वैद्यकीचें शिक्षण घेतलें. १९३७ सालीं जपाननें चीनवर स्वारी केली, तेव्हां चिनी सेनापति चू तेह यांच्या विनंतीवरून राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक धाडण्याचें ठरविलें. अटल, चोळकर, बसू व मुकर्जी यांच्यासह कोटणीस १९३८ च्या सप्टेंबरांत मुंबईहून निघाले.

त्या काळीं चीनमध्यें हिंदी मनुष्याविषयीं फारसा आदर नव्हता. इंग्रजांनीं चीनवरील लढायांत हिंदी शिपाई नेले होते, आणि शांघायच्या परकीय वसाहतींत बंदोबस्तास शीख पोलीस उभे असत. चिनी रयतेच्या दृष्टीनें हिंदी मनुष्य म्हणजे परक्या धन्याचा चाकर! ही अढी केवळ औषधपाण्यानें जाणारी नव्हती.

कोटणीसांनीं चिनी भाषा हस्तगत केली. ती ते बोलूं लागले, वाचूं लागले, आणि पुढें तींतूनच विद्यार्थ्यांस शस्त्रक्रिया शिकवूं लागले. आमच्या मतें त्यांच्या यशाचें खरें मूळ हेंच होय. चीनमध्यें असतांनाच त्यांस पितृनिधनाची वार्ता कळली. तरी ते परतले नाहीं. सोबती एकेक करून स्वदेशीं गेले. कॅनडाचे डॉ. बेथून यांच्या नांवें चालणाऱ्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ सालीं प्रमुख झाले. त्याच वर्षीं परिचारिकांस शिकविणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. पुत्राचें नांव यिन्हुआ ठेविलें; त्यांतील यिन म्हणजे हिंदुस्थान व हुआ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचें असतांना, ता. ९ डिसेंबर १९४२ रोजीं, अपस्माराच्या झटक्यांनीं कोटणीस निवर्तले. त्यांचें वय अवघें ३२ वर्षांचें होतें.

पुढें १९६२ सालीं या दोन देशांतच युद्ध जुंपलें. तेव्हां आसाम व बंगाल येथील हजारों चिनी वंशाच्या लोकांस, ज्यांपैकीं कित्येक भारतांतच जन्मले होते, राजस्थानांतील देवळी येथील छावणींत डांबण्यांत आलें; बायकामुलेंही सुटलीं नाहींत. कित्येकांस तेथें वर्षानुवर्षें राहावें लागलें. शाळेंत शिकणाऱ्या पोरांचा युद्धाशीं काय संबंध होता, हें आम्हांस अद्याप उमगलेलें नाहीं.

यिन्हुआही वैद्यकी शिकत होता. १९६७ सालीं ऐन तारुण्यांत तो वारला. कुओबाई मात्र पुढें अनेकदां भारतांत आपल्या सासरच्या माणसांस भेटावयास आल्या. त्या २०१२ सालीं निवर्तल्या. कोटणीसांची समाधि चीनमधील शिच्याच्वांग येथें आहे, आणि सोलापुरांत भय्या चौकांत त्यांचें स्मारक आहे.