मागितलेला घास आणि महागलेलं पेट्रोल

दरवर्षी १४ डिसेंबरला राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिन असतो. पोस्टर स्पर्धा होते, घोषणा होतात, फोटो निघतात आणि दुसऱ्या दिवशी रिकाम्या रूममध्ये पंखे पुन्हा गरगर फिरायला लागतात. 'वीज वाचवा' हे ऐकून आपले कान किटले आहेत. पण अन्न, उजेड आणि इंधन वाचवणं ही देशाच्या जगण्यामरण्याची गोष्ट होती, असाही काळ होऊन गेला. तो काळ सरकारच्या खुर्चीत बसून पाहिलेला मराठी माणूस म्हणजे यशवंतराव चव्हाण. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. यशवंतराव म्हणजे महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री, एवढीच ओळख क्विझपुरती होती. त्यांच्याबद्दल वाचत गेले तेव्हा कळलं की एका ओळीत मावणारा हा माणूस नाही.

१२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे या गावी त्यांचा जन्म झाला. हे गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं, आता सांगलीत आहे. लहानपणीच वडील गेले. आई विठाईंनी मुलांना वाढवलं. घरात पैसा नव्हता, जमीन थोडी. कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकत असतानाच ते स्वातंत्र्य चळवळीत ओढले गेले आणि १९३२ मध्ये तुरुंगात गेले. पुढे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातून बी.ए. आणि पुण्यातून एलएल.बी. केलं. जून १९४२ मध्ये वेणूताईंशी लग्न झालं, आणि दोनच महिन्यांत 'चले जाव'ची हाक आली. यशवंतराव भूमिगत झाले. नव्या नवरीला, वेणूताईंनाही, तुरुंग पाहावा लागला.

तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. पेट्रोल, रॉकेल, कापड, धान्य, सगळ्याचीच टंचाई. मुंबईत १९४३ मध्ये धान्याचं रेशनिंग सुरू झालं. पेट्रोल मिळेना म्हणून लोकांनी मोटारींना कोळशाच्या भट्ट्या बसवल्या! मेकॅनिकलवाल्यांना हे आवडेल. लोणारी कोळसा अपुऱ्या हवेत जाळायचा, त्यातून कार्बन मोनॉक्साइड असलेला वायू तयार होतो, तो गाळून, थंड करून इंजिनला द्यायचा. गाडीची ताकद कमी व्हायची, चढावर दम लागायचा, पण गाडी चालायची. आपल्याकडच्या खेड्यातल्या माणसाला मात्र मोटार काय आणि भट्टी काय! त्याला रॉकेलची बाटली मिळाली की संध्याकाळ निभायची. त्या युद्धात आपल्याला कोणी काही विचारलं नव्हतं. युद्ध इंग्रजांचं आणि टंचाई आपली.

१९५२ च्या निवडणुकीनंतर यशवंतराव मुंबई राज्यात मंत्री झाले आणि त्यांच्याकडे खातं आलं नागरी पुरवठ्याचं, म्हणजे त्याच रेशनिंगचं. जो मुलगा टंचाईत वाढला त्याच्याच हातात वाटपाचं काम आलं. पुढचा भाग सगळ्यांना माहीत आहे. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री, १ मे १९६० ला महाराष्ट्राचे. कोयनेच्या जलविद्युत प्रकल्पातून वीज मिळू लागली ती १९६२ मध्ये, त्यांच्याच काळात.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. आपली दाणादाण उडाली, कृष्ण मेनन यांना संरक्षण खातं सोडावं लागलं आणि नोव्हेंबरमध्ये नेहरूंनी यशवंतरावांना दिल्लीला बोलावून घेतलं. सह्याद्री हिमालयाच्या मदतीला गेला, असं तेव्हा म्हणायचे. राष्ट्रीय संरक्षण निधी निघाला. बायकांनी हातातल्या बांगड्या काढून दिल्या. सोनं म्हणजे आपल्याकडे नुसती हौस नसते, पोरीच्या लग्नाची आणि दुष्काळाची ती पुंजी असते. ती दिली.

तीन वर्षांनी, सप्टेंबर १९६५ मध्ये, पाकिस्तानशी युद्ध झालं. पंतप्रधान लालबहादूर शास्त्री, संरक्षणमंत्री यशवंतराव. १ सप्टेंबरला छांब भागात पाकिस्तानी रणगाडे घुसले, तेव्हा हवाई दलाला उतरवायची परवानगी यशवंतरावांनी दिली. त्या दिवसांत ते डायरी लिहीत होते. शहरांत ब्लॅकआउट असायचा. वरून विमानाला उजेड दिसू नये म्हणून खिडक्यांना काळे कागद आणि मोटारीच्या दिव्यांना काळा रंग. पण खरी अडचण पोटाची होती. देशात धान्य कमी, अमेरिकेच्या गव्हावर आपण अवलंबून आणि अमेरिकेने हात आखडता घेतलेला. शास्त्रीजींनी देशाला आठवड्यातून एक जेवण सोडायला सांगितलं, सोमवारी संध्याकाळचं. आधी स्वतःच्या घरात करून पाहिलं आणि मग सांगितलं, असं म्हणतात.

यातली एक गोष्ट आपल्या लोकांना लगेच कळेल. महादेवाचा सोमवार करणारा माणूस दिवसभर उपास करतो आणि संध्याकाळी सोडतो. शास्त्रीजींनी नेमकं ते संध्याकाळचंच ताट मागितलं! तरीही लोकांनी दिलं. हॉटेलं सोमवारी संध्याकाळी बंद राहू लागली. २३ सप्टेंबरला युद्ध थांबलं. ११ जानेवारी १९६६ ला शास्त्रीजी ताश्कंदमध्ये गेले. त्यांच्या पुण्यतिथीच्या दुसऱ्याच दिवशी आपण जिजाऊ जयंतीला सिंदखेडराजाला जातो, म्हणून ही तारीख लक्षात ठेवायला सोपी.

१९७१ मध्ये यशवंतराव अर्थमंत्री होते. पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी निर्वासित आले. त्यांना जेवू कोण घालणार? १५ नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागलं. डिसेंबरमध्ये युद्ध झालं, आपण जिंकलो. लोकांनी पाच पैशांची कुरकुर फारशी केली नाही, कारण पैसा कुठे जातोय ते दिसत होतं.

आणि मग १९७३. हे युद्ध आपलं नव्हतंच. ऑक्टोबरमध्ये इजिप्त आणि सीरियाने इस्रायलवर हल्ला केला, अरब देशांनी तेलाचं हत्यार उपसलं, आणि पिंपामागे सुमारे ३ डॉलरचं तेल काही महिन्यांत जवळपास १२ डॉलरवर गेलं. आपल्याकडे पेट्रोलचे दर एकदम वाढवले गेले. १२ नोव्हेंबरला अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून चक्क बैलगाडीतून संसदेत आले. महाराष्ट्र आधीच १९७२ च्या दुष्काळात होरपळलेला. तेल महागलं की वाहतूक महागते, खत महागतं आणि शेवटी भाकरी महागते. १९७४ मध्ये महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली. जुलैमध्ये सरकारने वटहुकूम काढून नोकरदारांच्या वाढीव महागाई भत्त्याचा निम्मा भाग सक्तीने ठेवीत टाकला. आपल्या स्टाफपैकी कुणाच्या वडिलांना तो नक्की आठवत असेल! अर्थमंत्री यशवंतरावच होते. सोनं देणाऱ्या, जेवण सोडणाऱ्या याच लोकांनी या वेळी मात्र शिव्या घातल्या.

मला इथे थांबावंसं वाटलं. मंत्री तोच, जनता तीच, मग फरक कशाचा? मला वाटतं, १९६५ मध्ये लोकांकडे मागितलं होतं, १९७३-७४ मध्ये लोकांवर लादलं गेलं. जेवण सोडायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या हातात होतं, आणि मागणारा स्वतः उपाशी होता. भाव वाढवून केलेली बचत मात्र श्रीमंताला चिमटा काढते आणि गरिबाला उपाशी ठेवते. सरकारचीही अडचण होती, हे मान्य. तेल बाहेरून येत होतं, डॉलर नव्हते. बॉम्बे हायला तेल लागलं ते फेब्रुवारी १९७४ मध्ये, पण ते बाहेर काढायला वेळ होता. सोमवारचा उपास करून पेट्रोल मिळत नाही. तरीसुद्धा, लोकांना विश्वासात घेणं हेही इंधनच आहे, असं मला वाटतं.

ऑक्टोबर १९७४ मध्ये यशवंतराव परराष्ट्र खात्यात गेले. पुढे सत्ता गेली, राजकारणात एकटेपण आलं. जून १९८३ मध्ये वेणूताई गेल्या आणि ते आतून खचले. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. कऱ्हाडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर त्यांची समाधी आहे. मागे राहिली ती पुस्तकं. वेणूताईंच्या नावाच्या स्मारकात ती आजही पाहायला मिळतात.

आता आपल्याकडे येऊ. बहुतेक हॉस्टेलांत एकच नोटीस असते: रूममध्ये हीटर सापडल्यास दंड. नोटीस लागते आणि हीटर गादीखाली जातो. त्याऐवजी प्रत्येक मजल्याचं मीटर रीडिंग रोज बोर्डावर लावलं तर? शेजारी ऑफिसचं आणि स्टाफ क्वार्टर्सचंही लावायचं, म्हणजे मागणारे आणि देणारे एकाच फळ्यावर. यशवंतरावांची पुण्यतिथी २५ नोव्हेंबर आणि ऊर्जा दिन १४ डिसेंबर, मधे १९ दिवस आहेत. एवढे दिवस करून बघू, आणि मग पोस्टरवर घोषणेऐवजी आपलाच आकडा लिहू.