बाळाच्या टाचेतून रक्त का घेतात? कागदावरच्या थेंबामागचे रॉबर्ट गथ्री

नवजात बाळाच्या टाचेला टोचून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेतले जातात. ही तपासणी रूढ केली अमेरिकी डॉक्टर रॉबर्ट गथ्री (१९१६-१९९५) यांनी.

घरातूनच मिळाला विषय
गथ्री बफेलो शहरात कर्करोगावर संशोधन करत होते. त्यांचा मुलगा बौद्धिकदृष्ट्या अपंग होता. पुढे १५ महिन्यांच्या भाचीला फिनाइलकीटोन्युरिया (पीकेयू) असल्याचे कळले. या आजारात फेनिलअ‍ॅलनिन हा घटक रक्तात साचून मेंदूला इजा करतो. वेळीच पथ्याचा आहार दिला तर मूल वाचते. पण भाचीच्या बाबतीत उशीर झाला होता. लघवीच्या तपासणीत आजार लवकर सापडत नसे.

चाचणी कशी चालते?
जिवाणूंची वाढ रोखणारे द्रव्य मिसळलेल्या जेलीवर वाळलेल्या रक्ताच्या कागदाची छोटी चकती ठेवतात. रक्तात फेनिलअ‍ॅलनिन जास्त असेल तर चकतीभोवती जिवाणू वाढतात. वाळलेला कागद टपालानेही प्रयोगशाळेत पाठवता येतो, त्यामुळे गावोगावची बाळे तपासणे शक्य झाले.

पुढे काय झाले?
सुरुवातीच्या चाचण्यांत ४ लाखांहून अधिक बाळे तपासली गेली. १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने ही तपासणी सक्तीची केली. चाचणी स्वस्त राहावी यासाठी गथ्री झगडले आणि स्वतः रॉयल्टी घेतली नाही.

आता जिवाणूंची जागा यंत्रांनी घेतली आहे. एकाच कार्डावरून अनेक आजार कळतात. कागद मात्र तोच आहे आणि अनेक देशांत त्याला आजही गथ्री कार्ड म्हणतात.