जॉर्ज ओहम : चुकलेल्या सूत्रापासून नियमापर्यंत

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी संतांची, देशभक्तांची चरित्रे येतात. यंदा संपादकांनी मलाही लिहिण्याचा आग्रह केला. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यातला डिप्लोमावाला इंजिनिअर. लेखणीपेक्षा मल्टिमीटरची सवय जास्त. तेव्हा ज्यांच्या नियमावर गेली वीस-बावीस वर्षे माझे घर चालले आहे, त्या जॉर्ज सायमन ओहम यांच्याविषयीच लिहावे असे ठरवले.

आणखी एक कारण आहे. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्याच सेमिस्टरला सर्किटच्या पेपरात नापास झाली आणि आपल्याला हे जमणारच नाही, असे धरून बसली. रागावण्याऐवजी मी तिला ओहम यांची गोष्ट सांगितली. तीच इथे देतो.

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील कुलपे बनवणारे कारागीर. शाळेचे शिक्षण नाही, पण स्वतः अभ्यास करून त्यांनी जॉर्ज व मार्टिन या दोन्ही मुलांना घरीच गणित शिकवले. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई वारली. १८०५ मध्ये तो विद्यापीठात गेला खरा. पण नाच, बिलियर्ड्स आणि बर्फावरचे स्केटिंग यांतच जास्त रमला! वडील संतापले. तीन सत्रांनंतर शिक्षण थांबले आणि त्याला स्वित्झर्लंडमधील एका शाळेत गणित शिकवायला जावे लागले. तिथे स्वतः अभ्यास करून तो परतला व १८११ मध्ये त्याने डॉक्टरेट मिळवली. तरीही पुढे नशिबी शाळामास्तरकीच आली. १८१७ मध्ये ओहम कोलोन येथील शाळेत शिक्षक झाले. तिथे प्रयोगशाळा चांगली होती. वडिलांच्या कारखान्यात अवजारे हाताळलेली असल्यामुळे उपकरणे ते स्वतःच तयार करीत.

आता मुख्य गोष्ट. तारेची लांबी वाढली की करंट किती कमी होतो, हे त्यांना शोधायचे होते. १८२५ मध्ये त्यांनी एक सूत्र प्रसिद्ध केले आणि ते चुकीचे निघाले! दोष होता सेलचा. त्या काळच्या सेलचे व्होल्टेज लोड लावताच घसरत असे. मग पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेवरून ओहम यांनी सेल बाजूला ठेवला आणि बिस्मथ व तांबे यांचे थर्मोकपल घेतले. त्याचे एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरे बर्फात. तापमान स्थिर, म्हणून व्होल्टेजही स्थिर! सुमारे २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत लांबीच्या तांब्याच्या आठ तारा एकामागून एक जोडून, टांगलेल्या चुंबकसूचीवर त्यांनी करंट मोजला. १८२६ मध्ये खरे उत्तर मिळाले : उगमाचे बल भागिले संपूर्ण सर्किटचा रेझिस्टन्स म्हणजे करंट. संपूर्ण, म्हणजे बाहेरच्या तारेचा अधिक उगमाचा व जोडणीचा.

१८२७ मध्ये त्यांचे पुस्तक बर्लिनहून निघाले. विद्यापीठात जागा मिळेल ही आशा होती, पण पुष्कळ विद्वानांनी दखलच घेतली नाही. निराश होऊन त्यांनी १८२८ मध्ये नोकरी सोडली आणि काही वर्षे किरकोळ शिकवण्यांवर काढली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्गच्या पॉलिटेक्निकमध्ये जागा मिळाली. (आम्हा डिप्लोमावाल्यांना याचा विशेष अभिमान!) १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिले. विद्यापीठातील प्राध्यापकपद मिळाले १८५२ मध्ये, म्युनिक येथे. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ च्या पॅरिस येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत ओहम, व्होल्ट व अँपिअर ही एकके मान्य झाली.

हा नियम मला पावसात रोज भेटतो. ट्रॅक सर्किटमध्ये दोन रुळांतून करंट जाऊन दुसऱ्या टोकाची रिले उचललेली राहते. गाडी आली की चाके व आस रूळ जोडतात, रिले पडते आणि सिग्नल लाल होतो. पावसात खडी भिजली, चिखल साचला की रुळांमधला रेझिस्टन्स घटतो, करंट मधेच गळतो आणि गाडी नसतानाही रिले पडू शकते. गाडी थांबते, प्रवासी वैतागतात. पण धोका होण्यापेक्षा ते बरे.

मुलीची उत्तरपत्रिका आम्ही दोघांनी मिळून पाहिली. ती बाहेरचे सगळे रेझिस्टन्स बरोबर मांडत होती, फक्त बॅटरीच्या आतला रेझिस्टन्स सोडून देत होती. सेलनेच ओहम यांनाही चकवले होते, हे ऐकून ती पहिल्यांदा हसली. फेरपरीक्षा दिवाळीनंतर आहे. निकाल बाप्पाच्या हाती. पण वही पुन्हा उघडली, हे माझ्यासाठी पुष्कळ झाले.

कॉलनीतल्या मुलांनो, उत्तर चुकले तर खोडा, पण वही मिटू नका. उगम नीट तपासा आणि पुन्हा मोजा.

गणपती बाप्पा मोरया!