दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (जन्म : डहाणू, १७ जानेवारी १९०५, मृत्यू : देवळाली, १९८६) हे संख्यांच्या गुणधर्मांवर संशोधन करणारे भारतीय गणितज्ञ होते.

जीवन

त्यांचे महाविद्यालयीन शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात झाले. १९२७ साली त्यांना रँग्लर परांजपे गणित पारितोषिक मिळाले. १९३० ते १९६२ या काळात ते नाशिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक होते. त्यांच्याकडे पदव्युत्तर पदवी नव्हती आणि अनेक गणितज्ञांना त्यांचे काम किरकोळ वाटे. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी सायंटिफिक अमेरिकन मासिकातील आपल्या सदरात त्याची दखल घेतल्यावर कापरेकरांची ख्याती जगभर पसरली.

संशोधन

एखादा नियम ठरवून त्यात बसणाऱ्या संख्या निवडणे, हे त्यांच्या बऱ्याच संशोधनाचे स्वरूप होते. अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्येस त्यांनी हर्षद संख्या म्हटले, उदा. १८. ज्या संख्येच्या वर्गाचे, शून्याहून मोठे असे दोन भाग करून बेरीज केल्यास मूळ संख्याच मिळते, ती कापरेकर संख्या होय. उदा. ४५ चा वर्ग २०२५; २० + २५ = ४५. ६१७४ हा कापरेकर स्थिरांकही प्रसिद्ध आहे.

संगणक आज्ञावलीतील उपयोग

कापरेकरांचे नियम आज्ञावलीच्या सरावासाठी वापरले जातात. पायथॉनसारख्या भाषेत २ ते ९९९ या संख्यांची यादी घेऊन प्रत्येक संख्येस अट लावणारी छोटी पृच्छा लिहिता येते. अट पूर्ण करणारी संख्या नव्या यादीत जाते, बाकीच्या गळतात. मूळ यादी बदलत नाही. कापरेकर संख्येची अट लावल्यास ९, ४५, ५५, ९९, २९७, ७०३ आणि ९९९ या सातच संख्या उरतात.